एलिजा मॅककॉय : यंत्रांची झीज थांबविणारा कारागीर

बैलगाडीच्या आंसाला वंगण घालणाऱ्या माणसाचें नांव कोणी विचारीत नाहीं. गाडी तुमसरच्या बाजारास वेळेवर पोंचली म्हणजे लोक बैलांची वाखाणणी करितात, गाडीवानाची करितात. परंतु वंगण नसतें तर आंस वाटेंतच तापला असता, चाकाचें मधलें भोंक झिजून मोठें झालें असतें आणि भाताचीं पोतीं रस्त्यावर उतरावीं लागलीं असतीं, हें फारच थोड्यांच्या लक्षांत येतें. अशा न दिसणाऱ्या कामांत ज्यानें आपलें सारें आयुष्य वेंचिलें, व ज्याच्या कल्पकतेमुळें आगगाडीच्या एंजिनापासून आगबोटीपर्यंत असंख्य यंत्रांचें आयुष्य वाढलें, त्या एलिजा मॅककॉय या कृष्णवर्णी यंत्रज्ञाचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस सादर करीत आहों.

मॅककॉयची कामगिरी समजण्यासाठीं प्रथम झीज म्हणजे काय हें समजलें पाहिजे, आणि तें समजण्यास घरांतील शिवणाच्या यंत्राइतकें सोपें साधन दुसरें नाहीं. शिंप्याचें यंत्र मिनिटास ६०० टांके घालतें असें धरिलें, तर एका तासांत त्याची सुई ३६,००० वेळां खालीं जाते व तितक्याच वेळां वर येते. सुई धरणारा दांडा ज्या नळींतून सरकतो ती नळी व तो दांडा हीं दोन्हीं आपल्या डोळ्यांस आरशासारखीं गुळगुळीत दिसतात. पण सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें तर त्याच पृष्ठभागांवर आंबागडच्या डोंगरांप्रमाणें उंचवटे व खळगे दिसूं लागतात. एका भागाचे उंचवटे दुसऱ्याच्या उंचवट्यांस अडतात, तुटतात, त्यांची पूड होते, आणि ती पूड पुन्हां कानशीप्रमाणें धातू खाऊं लागते. हीच झीज होय. घर्षणानें उष्णता उत्पन्न होते ती निराळीच. मध्यें तेलाचा पातळ थर असला म्हणजे मात्र धातू धातूस टेंकत नाहीं. तेलाचे थरच एकमेकांवरून घसरतात व यंत्र वांचतें.

म्हणूनच यंत्रें बनविणारे कारागीर पोलादी आंसाच्या भोंवतीं पुष्कळदां पितळेचें किंवा काशाचें मऊ कडें बसवितात. झिजावयाचेंच तर तें स्वस्त कडें झिजावें, महाग आंस झिजूं नये, हा त्यांतील हेतु. पितळेच्या भांड्यांसाठीं ज्या भंडाऱ्याचें नांव दूरवर गेलें, तेथील मुलांस पितळेचा हा दुसरा उपयोगही ठाऊक असावा. परंतु कडें कितीही चांगलें असलें तरी तेलावांचून त्याचा निभाव लागत नाहीं; आणि तें तेल योग्य जागीं, योग्य प्रमाणांत व न चुकतां कसें पोंचवावें, हाच प्रश्न मॅककॉयनें आपला मानिला.

एलिजाचा जन्म १८४४ सालीं, आज ज्यास आँटारिओ म्हणतात त्या कॅनडांतील प्रांतांत, कोल्चेस्टर या गांवीं झाला. त्याचे आईबाप, जॉर्ज व मिल्ड्रेड, हीं दोघेंही अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत गुलाम होतीं. त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत माणसांची गुरांप्रमाणें खरेदी-विक्री होत असे. ब्रिटिश साम्राज्यांत गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ सालीं झाल्यामुळें कॅनडाच्या भूमीवर पाऊल ठेवणारा गुलाम स्वतंत्र होई. तेथवर पळून जाणाऱ्यांस कांहीं दयाळू लोक रात्रीच्या वेळीं एका घरांतून दुसऱ्या घरीं पोंचवीत. या गुप्त व्यवस्थेस भुयारी रेल्वे असें नांव पडलें होतें. तिला रूळही नव्हते आणि एंजिनही नव्हतें, होती ती केवळ माणुसकी. याच वाटेनें जॉर्ज व मिल्ड्रेड कॅनडांत येऊन पोंचलीं व शेती करून राहूं लागलीं. ज्यांचा स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांचीं मुलें स्वतंत्र जन्मलीं.

एलिजा हें नांव म्हणजे बायबलांतील संदेष्टा एलीया याचेंच नांव होय. दुष्काळाच्या दिवसांत त्या संदेष्ट्यास आश्रय देणाऱ्या सारफथ येथील विधवेच्या घरची तेलाची कुपी आटली नाहीं, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांनीं शास्त्राच्या तासास ऐकिली आहे. आईबापांनीं हें नांव ठेवितांना तेलाचा विचार केला असेल असें नव्हे. पण पुढें या मुलानें यंत्रांसाठीं न आटणाऱ्या कुपीचाच शोध लावावा, हा योग आम्हांस मोठा गोड वाटतो.

लहानपणापासून एलिजास यंत्रांचा नाद होता. आईबाप श्रीमंत नव्हते, तरी मुलाचा कल ओळखून त्यांनीं वयाच्या पंधराव्या वर्षीं त्याला समुद्रापार स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं यंत्रविद्या शिकण्यास पाठविलें. गुलामगिरींतून पळून आलेल्या शेतकऱ्यानें पोटास चिमटा घेऊन मुलास इतक्या दूर धाडावें, ही गोष्ट साधी नव्हे. ज्या स्कॉटलंडांतून स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले व ज्यांनीं आमच्या या भागांत शिक्षणाचा पाया घातला, त्याच देशांत मॅककॉयनें उमेदवारी करून यंत्रज्ञाची विद्या संपादन केली. तेथें तो हातोडा व कानस चालवावयास शिकला, तसाच नकाशे काढावयास व हिशेब मांडावयासही शिकला.

शिक्षण पुरें करून तो परत आला तेव्हां त्याचें कुटुंब अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत इप्सिलांटी या गांवीं राहावयास गेलें होतें. अमेरिकेंत गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें नष्ट झाली होती. पण कायदा कागदावर बदलतो तितक्या लवकर माणसाचें मन बदलत नाहीं. मॅककॉय यंत्रज्ञाच्या जागेसाठीं दारोदार फिरला. त्याची विद्या पाहण्यापूर्वीं लोक त्याचा रंग पाहात व नकार देत. शेवटीं मिशिगन सेंट्रल रेल्वेनें त्यास काम दिलें तें एंजिनांत कोळसा टाकण्याचें व यंत्रास तेल घालण्याचें. एडिंबरोस शिकलेल्या यंत्रज्ञाच्या हातीं फावडें व तेलाची झारी आली!

येथें आम्ही क्षणभर थांबतों. ही गोष्ट वाचून परदेशांतील लोकांस नांवें ठेवणें सोपें आहे. पण जन्मावरून माणसाचें काम ठरविणें, अमक्याच्या मुलानें अमकेंच करावें व तमक्यानें विहिरीवर येऊं नये असें म्हणणें, हें आमच्या गांवांस कांहीं नवें नव्हतें, आणि कायद्यानें बंद झाल्यावरही तें सर्वांच्या मनांतून गेलें आहे असें म्हणवत नाहीं. मॅककॉयच्या चरित्राचा आरसा आपण दुसऱ्यासमोर धरण्यापूर्वीं स्वतःसमोर धरावा.

मॅककॉयनें तें काम पत्करिलें. त्या काळीं आगगाडी कांहीं मैल गेली कीं थांबवावी लागे. तेल घालणारा मनुष्य झारी घेऊन खालीं उतरे, एंजिनाच्या भोंवतीं फिरे आणि प्रत्येक आंसाला, प्रत्येक सांध्याला तेल देई. मग गाडी पुढें निघे. आमच्या जिल्ह्यांतून बंगाल-नागपूर रेल्वेची वाफेचीं एंजिनें जात असत. वरठीजवळच्या भंडारा रोड स्टेशनावर लांब चोंचीची झारी घेऊन एंजिनाभोंवतीं फिरणारा मनुष्य ज्यांनीं पाहिला असेल, त्या वडीलधाऱ्या मंडळींस हें चित्र सहज डोळ्यांपुढें येईल. आंसांचें एक वेळ ठीक. परंतु वाफेच्या नळकांड्यांत जो दट्ट्या मागेंपुढें धांवतो, त्याची अवस्था फार बिकट असे. तेथें वाफ इतकी तापलेली व इतक्या जोराची असते कीं, तेल पातळ होऊन वाहून जातें. तेल कमी पडलें तर दट्ट्या कोरडा घासतो. फार घातलें तर तें वायां जातें. गाडी थांबली तर वेळ जातो. न थांबवावी तर एंजिन झिजतें.

दुसऱ्या कोणास हें काम केवळ कंटाळवाणें वाटलें असतें. मॅककॉय शिकलेला असल्यामुळें त्याला त्यांत प्रश्न दिसला. जी वाफ तेल वाहून नेते, तिच्याच दाबाकडून तेल घालण्याचें काम कां करून घेऊं नये, असा विचार त्यानें केला. इप्सिलांटी येथें स्वतःच्या छोट्या कामशाळेंत खटपट करून त्यानें तेलाचें एक भांडें तयार केलें. तें एंजिनाच्या नळकांड्यावर बसवावयाचें. आंत एक पडदा व दांडा असून वाफेच्या दाबानें तो हाले व तेलाची वाट उघडे, त्यामुळें एंजिन चालू असतांनाच तेल बेताबेतानें आंत उतरे. त्यासाठीं गाडी थांबवावयास नको कीं माणूस धांवत्या एंजिनावर चढावयास नको. १८७२ सालीं या युक्तीचें पेटंट त्यास मिळालें. त्या वेळीं त्याचें वय अवघें अठ्ठावीस वर्षांचें होतें.

सत्याला धरून हेंही सांगितलें पाहिजे कीं, एंजिनास आपोआप तेल देण्याचा प्रयत्न करणारा मॅककॉय हा पहिला नव्हे. इंग्लंडांत जॉन रॅम्सबॉटम यानें १८६० सालींच अशा प्रकारचें भांडें केलें होतें. मॅककॉयचें मोठेपण असें कीं, तो एका शोधावर थांबला नाहीं. आपल्याच भांड्यांतील दोष त्यानें वर्षानुवर्षें शोधिले व दूर केले. त्यास आयुष्यांत सुमारें ५७ पेटंटें मिळालीं व त्यांतील बहुतेक वंगणासंबंधींच होतीं. तेल घालण्याचें शास्त्र त्या वेळीं अजून लिहिलें गेलें नव्हतें. तेलाचा थर स्वतःच्या दाबानें फिरत्या आंसाचा सबंध भार उचलूं शकतो, हें बीचम टॉवर या इंग्रज यंत्रज्ञाच्या प्रयोगांत १८८३ सालीं दिसून आलें, आणि ऑस्बोर्न रेनल्ड्स यानें त्याचें गणित १८८६ सालीं मांडिलें. मॅककॉयनें त्यापूर्वींच कामाच्या जागीं, हात काळे करून, आपला मार्ग काढिला होता.

घरच्या माणसांच्या श्रमांकडेही त्याचें लक्ष होतें. १८७४ सालीं त्यानें कपड्यांस इस्तरी करण्याच्या टेबलाचें पेटंट घेतलें, आणि पुढें १८९९ सालीं बागेंत पाणी शिंपडणाऱ्या यंत्राचें. त्याची पहिली पत्नी ॲन ही विवाहानंतर थोड्याच वर्षांत वारली. १८७३ सालीं त्यानें मेरी डिलेनी हिच्याशीं विवाह केला. पुढें हें दांपत्य डेट्रॉइट शहरीं राहावयास गेलें. तेथें मॅककॉय आपल्या शेजारच्या मुलांस शिक्षणाचें महत्त्व सांगे व अनेक कारखान्यांस वंगणासंबंधीं सल्ला देई.

तथापि त्याच्या शोधांतून जो पैसा झाला, त्याचा मोठा वाटा त्याच्या पदरीं पडला नाहीं. कारखाना काढण्यास भांडवल लागतें, आणि तें त्याच्याजवळ नव्हतें. म्हणून पुष्कळ पेटंटांचे हक्क त्यास दुसऱ्यांच्या नांवें करून द्यावे लागले. भांडीं विकलीं जात, एंजिनें धांवत. पण त्या बहुतेक भांड्यांवर मॅककॉयचें नांव नसे. वृद्धपणींही त्याची बुद्धि मंदावली नाहीं. अति तापविलेल्या वाफेवर चालणारीं मोठीं एंजिनें निघालीं तेव्हां साधें तेल त्या उष्णतेंत टिकेना. मॅककॉयनें तेलांत ग्राफाइटाची पूड मिसळून देणारें भांडें तयार केलें. ग्राफाइट म्हणजे आमच्या पेन्सिलींतील काळा पदार्थ. त्याचे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात व उष्णतेस दाद देत नाहींत. या शोधाचें पेटंट १९१५ सालीं निघालें. अखेर १९२० सालीं, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यानें डेट्रॉइट येथें स्वतःच्या नांवाचा कारखाना काढिला.

हें सुख फार दिवस टिकलें नाहीं. १९२२ सालीं मोटारीच्या अपघातांत पतिपत्नी दोघेंही जखमी झालीं व मेरी पुढें त्यांतच वारली. मॅककॉयची प्रकृति व सांपत्तिक स्थिति खालावत गेली, आणि १० ऑक्टोबर १९२९ रोजीं एका सार्वजनिक रुग्णालयांत त्याचा अंत झाला. ज्यानें हजारों यंत्रांस तेल दिलें, त्याच्या स्वतःच्या दिव्यांत शेवटीं तेल फार थोडें उरलें होतें.

इंग्रजी भाषेंत अस्सल वस्तूस खरा मॅककॉय म्हणण्याची रीत आहे, व ती याच मॅककॉयच्या भांड्यांवरून पडली असें पुष्कळदां सांगतात. परंतु मॅके या आडनांवानें अशाच अर्थाचा वाक्प्रचार स्कॉटलंडांत १८५६ सालींच छापलेला आढळतो, आणि त्या वेळीं एलिजा बारा वर्षांचा मुलगा होता. त्याच्या कीर्तीस अशा दंतकथेची गरजही नाहीं. २००१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मंदिरांत त्याचें नांव दाखल झालें, आणि २०१२ सालीं डेट्रॉइट येथें सरकारी पेटंट कचेरीची पहिली शाखा उघडली तेव्हां तिला त्याचेंच नांव देण्यांत आलें.

आतां घरच्या यंत्राकडे वळूं. शिवणाच्या यंत्राची झीज कमी करण्याचा एक मार्ग त्याच्या रचनेंतच शोधला गेला. एलियास हाउ याच्या १८४६ च्या यंत्रांत धोटा मागेंपुढें धांवे. प्रत्येक टांक्यास तो थांबे व उलट फिरे, म्हणून धक्का बसे व भाग झिजे. आमच्या कोष्टी बंधूंस मागावरील धोट्याचा हा धक्का चांगलाच परिचित आहे. ॲलन विल्सन यानें १८५१ सालीं धोट्याच्या जागीं एकाच दिशेनें फिरणारा आंकडा बसविला. त्यामुळें धक्का गेला व यंत्र हलकें चालूं लागलें. पण रचना कितीही सुधारली तरी तेलाचें काम घरच्या माणसानेंच करावयाचें असतें, आणि तेथें मॅककॉयची शिकवण उपयोगी पडते.

ती शिकवण म्हणजे थोडें तेल, नेमानें, नेमक्या जागीं. आठवडाभर विसरून एकदम धार ओतण्यापेक्षां रोज काम करणाऱ्या यंत्रास रोज एकेक थेंब बरा. तेलापूर्वीं सुईखालची पत्री काढून दात्यांमधील व बॉबिनच्या जागेंतील कापूस व धूळ ब्रशानें झाडावी. कारण धूळ व तेल मिळून जो लगदा होतो तो धातूस कानशीप्रमाणें खातो. मग प्रत्येक तेलाच्या भोंकांत व आंकडा फिरतो त्या कड्यांत एकेक थेंब टाकून, दोरा न ओंवितां यंत्र थोडें चालवावें व फडक्यानें पुसून घ्यावें. तेल यंत्रासाठींच असलेलें पातळ खनिज तेल असावें. खोबरेल किंवा तिळाचें तेल वापरूं नये. तें हवेनें चिकट होऊन वाळतें, आणि आमच्याकडील थंडींत खोबरेल तर थिजूनच जातें. जुनें तेल वाळून यंत्र जड झालें असेल तर राकेलाच्या थेंबांनीं तें सुटतें. नंतर राकेल पुसून नवें तेल घालावें, व हें काम दिव्यापासून व चुलीपासून दूर करावें. चामड्याचा पट्टा फार ताणूं नये, कारण त्याच्या ओढीनें आंस एका बाजूस झिजतो. आणि पट्ट्यास तेल लावूं नये, लावल्यास तो घसरतो. एवढें केलें तर आजीच्या यंत्रावर नातही शिवूं शकेल. ज्या घरची चूल त्या यंत्राच्या चाकावर चालते, तेथें हा थेंब म्हणजे उद्यांचा घांस आहे.

शेवटीं पालकांस दोन शब्द. शिकलेल्या मुलानें खुर्चीवरच बसावें, हात काळे करणें त्याला शोभत नाहीं, अशी समजूत आमच्या जिल्ह्यांत अजून आढळते. वरठीस पोलादाचा कारखाना उभा आहे, तालुक्या-तालुक्यांत कारागिरी शिकविणाऱ्या संस्था आहेत. पण मुलगा फिटर होतों म्हणाला तर घरांत उदासी पसरते. मॅककॉयच्या हातीं फावडें आलें हा त्याच्यावर अन्याय होता, आणि त्या अन्यायामुळेंच शोध लागला असें म्हणून आम्ही त्यास चांगलें म्हणणार नाहीं. योग्य जागा मिळती तर त्यानें याहूनही अधिक केलें असतें. पण विद्या घेतल्यावर हातानें काम करण्यांत कमीपणा त्यानें मानिला नाहीं, आणि हातानें काम करतांना विद्या बाजूस ठेविली नाहीं. ज्याला केवळ तेल घालणें येतें तो आयुष्यभर तेल घालीत राहतो. ज्याला केवळ पुस्तक येतें त्याला कोरडा आंस कधीं दिसतच नाहीं. दोन्ही ज्याच्याजवळ एकत्र आलीं, त्यानें यंत्रांची झीज थांबविली.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां एखाद्या कारखान्यांत, शेतावर किंवा शिंप्याच्या दुकानांत उभा राहील व कांहीं तरी विनाकारण झिजत आहे असें त्याच्या कानीं येईल. ती कुरकुर ऐकून पुढें जाऊं नका. थांबा, वांकून पाहा, आणि तेथें तेल कसें पोंचेल याचा विचार करा. मग तें यंत्र असो, अथवा ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं असा एखादा मनुष्य असो.